तुमचं वजन किती?

सोसायटीच्या ग्रुपवर छोट्या विमानासोबतचा फोटो टाकला आणि पहिलीच प्रतिक्रिया आली, "काका, एवढ्या पैशात दुबई झाली असती." झाली असती की. पण दुबईच्या विमानात आपण सामानासारखे जातो. इथे पहिल्यांदाच मला कुणी हिशेबात धरलं.

लेक न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला असते. तिने आम्हा दोघांसाठी तिथल्या फ्लाइंग क्लबची अर्ध्या तासाची फेरी ठरवली होती. सेसना १७२. चार खुर्च्या, नाकावर एकच पंखा. काउंटरवरच्या मुलीने हसत विचारलं, तुमचं वजन किती? हिने सांगितलं, ६२. मुलीने तितक्याच गोड हसून काट्याकडे बोट दाखवलं. काट्यावरचा आकडा इथे लिहिला तर मला ऐरोलीच्या घरात थारा मिळणार नाही.

पण त्या आकड्याला तिथे खरंच किंमत होती. खुर्च्या चार असल्या तरी टाक्या भरून चार दणकट माणसं त्यात बसवता येत नाहीत. कुणी कुठे बसायचं तेही वजनावर ठरतं. वैमानिक, माझ्या पुतण्याच्या वयाचा पोरगा, कागदावर बेरजा करत होता. मग त्याने पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल नळीत काढलं आणि उजेडात धरून तळाला पाणी आहे का ते पाहिलं. घाई अजिबात नाही.

आणि एवढं करून त्या दिवशी उड्डाण झालंच नाही! वर लख्ख निळं आकाश आणि हा म्हणतो, आज नको. तिथे सदर्न आल्प्सच्या डोंगरांवरून नॉरवेस्टर नावाचा गरम, झोंबरा वारा उतरतो, त्यात छोटं विमान पार घुसळून निघतं. मी मनातून चरफडलो. विमानाला उशीर झाला की काउंटरवर आवाज चढवणाऱ्यांतलाच मी. आता मात्र वाटतं, "आज नको" म्हणणाऱ्या माणसाच्याच विमानात बसावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० ची परवानगी आहे, आम्ही १०० च्या आसपासच जमीन सोडली. इंजिनाचा आवाज इतका की हेडफोनशिवाय बोलणं अशक्य. हिने माझा हात घट्ट धरला होता (लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा). इंजिन बंद पडलं तर? मी विचारलंच. पोरगा म्हणाला, ३००० फुटांवरून साधारण ८ किलोमीटर तरंगत जाता येतं, आणि खाली बघा, सगळी शेतंच आहेत.

पंख डोक्यावर असल्याने खालचं सगळं मोकळं दिसतं. वायमाकारिरी नदी आदल्या दिवशी पुलावरून पाहिली होती: गोटेच गोटे, मधे थोडं पाणी. वरून पाहिली तर वेणी सुटून केस पाठीवर पसरावेत तशी, दहा-बारा प्रवाह एकमेकांत शिरतायत, फुटतायत. पुढे लिटलटनचं बंदर. ते विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलंय, हे मी वाचलं होतं. वरून ती वाटी समोरच आली.

तेव्हा आठवली आपली खाडी. वीस वर्षं ऐरोली पुलावरून मुलुंडला ये-जा केली. काच वर करायची, भरतीच्या वेळी एक नजर टाकायची, संपलं. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिचा पूर्ण आकार मी एकदाही पाहिलेला नाही. कांदळवन कुठवर आहे, भराव कुठून सुरू होतो, पाणी कुठे अडतं, हे नकाशावर कळतं, पण नकाशा पाहून पोटात कालवत नाही.

१९३२ मध्ये जेआरडी एका इंजिनाच्या पस मॉथमधून कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. आता एकीकडे मुंबईचा विमानतळ, दुसरीकडे आपला नवी मुंबईचा. या गर्दीत हौशी फेरीला जागा मिळणं कठीण, मलाही कळतं. तरी एखाद्या रविवारी सकाळी अर्धा तास कुणी दिला, तर दुबईचे पैसे मी तिथे घालीन.

हिला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "घाल. पण काट्यावर आधी तू उभा राहा."