मोझार्टचा पेपर आणि मार्तिनींची दुरुस्ती

पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर परत आलाय: 'बोलोन्याच्या अकादमीने चौदा वर्षांच्या मोझार्टला खोलीत कोंडलं. मोठमोठ्यांना तीन तास लागतात ते त्याने अर्ध्या तासात, एकही चूक न करता लिहिलं. परीक्षक थक्क!'

कोंडलं, हे खरं. अकादमी इटलीतली, संगीताची, आणि ही तिच्या सदस्यत्वाची परीक्षा. तारीख ९ ऑक्टोबर १७७०.

अर्धा तास मात्र वडील लिओपोल्ड यांच्या पत्रातला. अकादमीच्या इतिवृत्तात 'तासाभराच्या आत' असं आहे. तीन तासांची गोष्टही वडिलांचीच. बापाने मुलाचं कौतुक सांगितलं की निम्मं धरावं. इथे बापानेच वेळ निम्मा केला.

'एकही चूक नाही' हा तर कळसच. परीक्षेला 'क्वेरिते प्रिमुम रेग्नुम देई' ही जुनी चर्चमधली चाल दिली होती. शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातले: आधी देवाचं राज्य शोधा. ही चाल खालच्या आवाजात जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्यावर तीन आवाज रचायचे, तेही दोनशे वर्षं जुन्या, चर्चसंगीत रचणाऱ्या पॅलेस्ट्रिनाच्या शिस्तीत. म्हणजे खटकणारा स्वर घ्यायचाच तर आधी त्याची तयारी, मग एक पायरी उतरून सुटका, उड्या जपून. मोझार्टने ही शिस्त जागोजागी सोडली. त्याच दिवसांत तो मिलानसाठी 'मित्रिदाते' हा ऑपेरा रचत होता, हाताला वळण रंगभूमीचं. धृपदाच्या परीक्षेत पोराने नाट्यपद आळवावं, तसं काहीसं झालं. पोर बेसूर नव्हतं, फक्त तालीम वेगळी होती.

हे आपण कशावरून म्हणतो? तीन कागद शिल्लक आहेत. एक मोझार्टची स्वतःची रचना. दुसरा पाद्रे मार्तिनींनी केलेली दुरुस्त रचना. 'दुरुस्त' म्हणायचं एवढंच, खरं तर त्यांनी ती जवळजवळ नव्याने लिहिली. आणि तिसरा कागद मार्तिनींच्या रचनेचाच, पण अक्षर मोझार्टचं. मार्तिनी म्हणजे या जुन्या शैलीतला त्या काळचा शेवटचा शब्द, आणि मोझार्ट त्या वर्षी त्यांच्याकडे हेच शिकत होता.

राहिले थक्क परीक्षक. सगळी मतं बाजूने पडली, असं वडील लिहितात आणि मोझार्टला सदस्यत्व मिळालंही. पण इतिवृत्तातला शेरा आहे: त्याची परिस्थिती लक्षात घेता, पुरेसं.