तालमीचं गाव आणि टीव्हीसमोरच्या बैठका

"तालमीच्या गावात राहून टीव्हीसमोर उड्या मारायच्या? लाज काढली लगा!" फिटनेसच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कोल्हापुरात हे हमखास ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याला विचारावं, गड्या, तू शेवटचा जोर कधी मारलास? आपल्यातल्या निम्म्यांचा तालमीशी संबंध गणपतीच्या वर्गणीपुरता आणि फुटबॉलच्या मॅचपुरता. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं म्हणून आपली पोटं आपोआप आत जात नाहीत.

तर या गेमनी अंग कमावता येतं का? गेम कुठला, त्यावर आहे. निन्टेंडोच्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, पण त्यातलं टेनिस सोफ्यावर लोळून, नुसतं मनगट हलवूनही जिंकता येतं. निन्टेंडोच्याच २०१९च्या 'रिंग फिट ॲडव्हेंचर'मध्ये ती पळवाट नाही. हातात दाबायची रिंग, मांडीला पट्टा, आणि राक्षसाला मारायचं तर बैठका काढायच्या. माझी वहिनी हाच खेळते. घर तिसऱ्या मजल्यावर, खालच्या आजींची झोपमोड नको. त्याचीही सोय आहे, जागच्या जागी पळण्याऐवजी गुडघ्यात वाकायचं. मांड्या त्यानंच जास्त भरून येतात, असं तिचं म्हणणं.

ती रंकाळ्यावर चालायला का जात नाही, हे विचारणाऱ्यांनी तिचा एक दिवस जगून बघावा. सकाळी डबे, मग नोकरी, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. मोकळी होते रात्री साडेनऊला. आणि तालमीची दारं बायकांसाठी किती उघडी होती, तेही आठवा.

पण नव्याचे नऊ दिवस इथंही चुकत नाहीत. ह्यूस्टनमधल्या संशोधकांनी मुलांना हालचालीचे गेम देऊन १३ आठवडे पाहिलं. बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ती जास्त हलली नाहीत (२०१२). फोन घेऊन फिरत आभासी प्राणी पकडायच्या 'पोकेमॉन गो'नं २०१६ साली लोकांना रस्त्यावर आणलं, पहिल्या आठवड्यात रोजची पावलं साधारण ९५५नी वाढली, सहाव्या आठवड्यापर्यंत गाडी मूळ पदावर.

गैरहजर राहिलात तर यंत्र रागवत नाही. वस्ताद मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारायचा, काल कुठं उलथला होतास? वहिनीचा गेम टिकलाय तो पुतणीमुळं. ती शेजारी ठाण मांडून ओरडते, "आई, अजून खाली! फसवू नकोस!"

वजनकाट्यावर म्हणाल तर फारसा फरक नाही. रविवारचा तांबडा-पांढरा तिनं सोडलेला नाही, मीही सोडा म्हणणार नाही. पण लक्ष्मीपुरीतून बाजाराच्या जड पिशव्या घेऊन ती आता मध्ये न थांबता वर चढते. मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरतो.

घ्यायचाच असेल तर आधी कुणाचा तरी महिनाभर उसना आणा. पंधरा दिवसांत माळ्यावर गेला तर पैसे वाचले. आणि घरात ओरडणारी पोरगी नसेल तर एखादा मित्र गाठा, रोज फोन करून शिव्या घालणारा. कोल्हापुरात त्याला तोटा नाही.