बॅटरी एक, कामं दहा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅमेरा, गाणी, नकाशा, रेकॉर्डर असं सगळं एका फोनात कोंबलं की एकही काम धड होत नाही, बॅटरी दुपारीच मान टाकते आणि फोन बिघडला की सगळंच बुडतं. त्यापेक्षा कॅमेरा वेगळा नि प्लेअर वेगळा बाळगावा.

फोन बिघडला की सगळंच बुडतं हा मुद्दा सोळा आणे मान्य, त्याकडे पुढे येतो. पहिला एके काळी खराच होता. नोकियाचा एन९५ २००७ मध्ये बाजारात आला. त्यात ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस, वायफाय आणि हेडफोनचा ३.५ मिमी जॅक होता आणि हा सगळा डोलारा ९५० एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरीवर उभा होता. आज ५००० एमएएच सर्रास मिळते, तरी तक्रार तीच. कारण दुखणं क्षमतेपेक्षा वाटणीचं जास्त आहे. सगळी कामं एकाच बॅटरीवर आणि एकाच मेमरीवर चालतात, आणि त्यांची उष्णता एकाच बंद कवचात साठते.

तुम्ही लिहिलंय की गाडीत नकाशा लावला की चार्जर जोडूनही टक्के उतरतात. इथे दोष नेहमी चार्जरचाच नसतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस आणि डेटा अखंड चालू, वरून काचेतून ऊन, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता. फोन तापला की बॅटरी वाचवण्यासाठी तो चार्जिंग आपणहून मंद करतो किंवा थांबवतो. म्हणून मोठा चार्जर आणूनही फरक पडत नाही, फोन थंड ठेवला की पडतो. होल्डर उन्हाच्या काचेवरून काढून एसीच्या झडपेसमोर लावा, कव्हर काढा, बोलून मिळणाऱ्या सूचना चालू ठेवून सरळ रस्त्यावर स्क्रीन बंद करा. नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेट नसेल तर पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांच्या फेरीत पाठवतो, आणि मध्येच पूल किंवा इमारत आडवी आली तर पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. तेव्हा निघण्याआधी मोकळ्यावर मिनिटभर थांबा.

कॅमेऱ्याबद्दल तुमचा राग समजण्यासारखा आहे. ‘३ एक्स झूम लिहिलंय, पण संध्याकाळी फोटो रंग फासल्यासारखा येतो.’ बरेच फोन कमी उजेडात, किंवा वस्तू फार जवळ असली तर, दूरच्या लेन्सऐवजी मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात आणि तसं सांगतही नाहीत. तपासायचं असेल तर ३ एक्सवर जा आणि मुख्य लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं पडलं तर झूमची लेन्स झोपलेली आहे. अशा वेळी झूम सोडून चार पावलं पुढे जाणं उत्तम. बाकी लहान सेन्सरची मर्यादा आहेच. अंधाऱ्या सभागृहात मागच्या रांगेतून मंचावरचे चेहरे टिपायचे असतील तर वेगळा कॅमेराच हवा, तिथे वाद नाही.

व्हिडिओत मात्र फोन बहुतेक वेळा वापराच्या पद्धतीमुळे हरतो. एच.२६४ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या व्हिडिओ प्रकारात ४के (सर्वात बारीक तपशिलाचं), सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रण मिनिटाला साधारण ३५० एमबी खातं, त्याखालच्या दर्जाचं १०८०पी साधारण १३० एमबी. एचईव्हीसी हा फाइल जास्त दाबणारा नवा प्रकार निवडला तर जवळपास निम्मं. तासाभराचा कार्यक्रम ४केमध्ये घ्यायचा म्हणजे २१ जीबी मोकळे हवेत, आणि त्यावर थोडी जागा श्वास घ्यायला. सुरू करण्याआधी फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन वेळी आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडतो आणि कंपनाची घरघर आवाजात कायमची बसते. संकलन करताना आवाज ओठांच्या मागे पडत जातो, ही तुमची तक्रार वेगळ्याच कारणाची आहे. फोन फ्रेमचा वेग उजेडाप्रमाणे थोडा कमीजास्त करत राहतो, आणि संकलनाचं सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालतं. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमदराने काढून घ्या, मग कापाकापी करा.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी अचानक डबक्यातून आल्यासारखी वाटतात, कारण एखाद्या ॲपने हेडफोनचा माइक उघडलेला असतो. माइक चालू झाला की जोडणी सहसा कॉलच्या प्रकारात जाते आणि आवाज एकपदरी, कमी दर्जाचा होतो. ते ॲप पूर्ण बंद करा, दुसरा हेडफोन घ्यायची गरज नाही. तारेचा हेडफोन फोनच्या चार्जिंग पोर्टला जोडणारं तुमचं जॅकचं अडॅप्टर न चालण्याचं कारणही साधं आहे. काही अडॅप्टरांत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असते, स्वस्तांत नुसती तार. तुमचा फोन यूएसबी-सीमधून ॲनालॉग आवाज सोडत नसेल तर तारवालं अडॅप्टर मुकंच राहणार.

आता तुमचा खरा मुद्दा, फोन गेला तर काय. फोटो क्लाउडवर आपोआप जातात म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ फक्त फोनवरची प्रत काढतं, पण तिथेच फोटो डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो; बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग संपला. म्हणून एक प्रत संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर हवीच. तारेने उतरवताना तासन्‌तास लागत असतील तर तार बघा. चार्जरसोबतची तार बहुतेकदा यूएसबी २.० ची असते, तिथे कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. फोनचं पोर्ट त्याहून वेगवान यूएसबी ३.० चं असेल तर त्या दर्जाची तार घ्या. पोर्टच जुन्या दर्जाचं असेल तर तार बदलून काही होणार नाही, रात्री लावून झोपा.

एवढं करूनही दिवस पुरत नसेल तर दुसरा प्लेअर घेण्याआधी पॉवर बँक घ्या. फक्त १०,००० एमएएच पाहून ५००० चा फोन दोनदा भरेल असं धरू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, व्होल्टेज वाढवताना आणि उष्णतेत बरंच जातं. सव्वा ते दीड वेळा भरला तर बँक चांगली.