चिकाटी : चाळीसपैकी सव्वीस

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला एक संशोधक ताई आल्या होत्या. प्राथमिक शिक्षकांची चिकाटी मोजायची म्हणून आठ विधानांचा फॉर्म वाटला. ‘हातात घेतलेलं काम मी तडीस नेतो’ असली विधानं, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. आपणच आपल्याला गुण द्यायचे.

माझ्या डाव्या हाताला बसलेल्या सरांनी दोन मिनिटांत सगळीकडे पाच मारले आणि चहाला उठले. त्यांच्या शाळेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, केंद्रातल्यांना माहीत आहे.

उजवीकडे आमच्या मॅडम. मूळच्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणी. नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावर आल्या आणि पोरांसाठी पावरी, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींची बोली, शिकल्या. पेन तसंच धरून मला म्हणाल्या, “यामा आते काय लिखू भाऊ? माझी तीन पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलीच ना.” आणि ‘तडीस नेतो’पुढे तीन.

ही मोजपट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांची. 2007 ला बारा विधानांची होती, 2009 ला आठची झाली. आणि गंमत म्हणजे 2015 मध्ये याच बाईंनी डेव्हिड येगर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञासोबत लिहून ठेवलंय की ज्याची स्वतःकडून अपेक्षा मोठी, तो स्वतःला कमी गुण देतो. त्यामुळे अशा फॉर्मवरून शाळांची तुलना करू नका. म्हणजे मोजपट्टी बनवणारीच सांगतेय जपून वापरा, आणि आपण लगेच तालुकानिहाय तक्ता करायला निघालो.

आठपैकी चार विधानं तर उलटी आहेत. नव्या कल्पनेमुळे जुनीवरचं लक्ष उडतं का? हो म्हटलं की गुण कमी. अहो, पहिलीच्या वर्गात दुसरं काय करतात? तक्त्यावरून अक्षरं जमेनात, तेव्हा मॅडमनी तक्ता गुंडाळला आणि पावरी गाण्यांवरून वाचन सुरू केलं. फॉर्मच्या भाषेत हे भरकटणं झालं. या हिशेबानं साने गुरुजीही नापास. सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं आणि 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पुढे 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची प्रवचनं उतरवून घेत बसले होते.

अमेरिकेत एका अभ्यासात चिकाटीवरून नवे शिक्षक वर्ष संपेपर्यंत टिकतात का, हेही पाहिलं होतं. तिकडे ठीक आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेची नोकरी कोण सोडतो? बदलीची वाट बघत वीस वर्षं टिकणारेही आहेतच की.

मला भीती वेगळीच आहे. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, त्यात पोषण आहाराची रोजची नोंद आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम. यातून एखादा थकला तर उद्या साहेब म्हणतील, तुमचा चिकाटीचा स्कोअर कमी आहे, प्रशिक्षणाला या. दुसरा शिक्षक द्यायला नको, प्रशिक्षण स्वस्त पडतं.

मॅडमची बेरीज सव्वीस झाली. फॉर्म गोळा झाले, ताई गाडीत बसल्या, आणि मॅडम धावत गेल्या. वाटलं, गुण वाढवून मागतायत. तर त्यांना कागदच परत हवा होता. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी मुकादमाचा नंबर लिहून घेतला होता.