अख्खं बंदर आहे, पण होडी उतरवायला सहा मीटरचा खुला उतार नाही

तिसऱ्यांदा. या थंडीत तिसऱ्यांदा मुंबई बंदराच्या फाटकावरून होडी कोरडीच घरी परत आणली. डोकं इतकं तापलंय की आज लिहून मोकळा होतोय.

चौदा फुटांची शिडाची होडी आहे, फायबरची, जुनी. तिघा मित्रांनी पैसे घालून घेतली. पौर्णिमेचा रविवार होता, म्हणजे भरती बाराच्या आसपास. नऊला पोचायचं, साडेनऊला चढत्या पाण्यावर होडी सोडायची, खारा वारा धरला की तास-दोन तास फिरायचं आणि पाणी फार उतरायच्या आत परत. सगळा हिशोब केला होता. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज दिला होता, त्यावर शिक्काही मारून घेतला होता. पहाटे उठून ट्रेलर जोडला, ठाण्याहून निघालो. बारा वर्षांची लेक गाडीतच लाइफजॅकेट चढवून बसली होती.

फाटकावरचा माणूस म्हणाला, "वरून ऑर्डर नाही." शिक्का दाखवला. "हा अर्ज मिळाल्याचा शिक्का आहे, परवानगीचा नाही." मग परवानगी कोण देणार? साहेब. साहेब कुठे? रविवार आहे. ज्याने "या, बघू" म्हटलं होतं त्याला सात फोन केले, सातही वाजून वाजून बंद पडले. बारा वाजले. पाणी अगदी उताराच्या माथ्याला लागलं होतं, आमच्यापासून वीस पावलांवर. मधे लोखंडी फाटक. एक वाजता लेकीने काही न बोलता लाइफजॅकेट काढलं. तीनपर्यंत खाली चिखल दिसायला लागला. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला आपल्या बंदरात चार मीटरच्या आसपास चढउतार होतो. इथे वेळ चुकली म्हणजे दिवस गेला. हे त्या फाटकावरच्या माणसाला माहीत नसेल तर एक वेळ चालेल, पण त्याच्या वरच्यांनाही माहीत नसावं?

मला कोणाची मेहेरबानी नकोय. हे शहर बंदरामुळे झालं. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पूर्व किनारा मैलोन्‌मैल पसरलाय आणि पी. डिमेलो रस्त्यावरून जाताना काय दिसतं? भिंत. भिंतीपलीकडे पाणी आहे हे माझगावात जन्म काढलेल्या माणसालाही कोणीतरी सांगावं लागतं. मालाची मोठी वाहतूक १९८९ नंतर खाडीपलीकडच्या न्हावा शेवा बंदराला सरकत गेली, इथली शेडं रिकामी पडली, व्हिक्टोरिया डॉक तर कंटेनर ठेवायला बुजवला. भिंत मात्र हलली नाही.

विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षा. २६/११ नंतर हा शब्द उच्चारला की समोरच्याने मान खाली घालून निघून जायचं. नाही जाणार मी. त्या रात्री कुलाब्याच्या बधवार पार्कला रबरी होडीतून उतरलेल्यांना पहिल्यांदा हटकलं कोणी? तिथल्या कोळी बांधवांनी. रोज पाण्यावर असतो त्याला अनोळखी होडी लगेच खटकते. नोंद केलेल्या, नंबर रंगवलेल्या पन्नास होड्या रोज पाण्यावर असल्या तर पहारा वाढतो, कमी होत नाही. आणि ज्याला वाकडं काम करायचंय तो अर्ज करून, शिक्का घेऊन, ट्रेलर लावून तीन तास फाटकाबाहेर उभा राहणार आहे का?

दुसरं उत्तर अपघाताचं. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी चालू असताना नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जीव गेले. आठवलं की आजही पोटात कालवतं. पण त्यातून शिकायचं ते हे, की वेगवान बोटींची चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेवर करू नका, लाइफजॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असू द्या, लहान होड्यांना वेगळा पट्टा आखून द्या. वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्या फाटकाबाहेर ठेवून कोण वाचणार आहे?

"क्लबात जा" असंही सांगतात. क्लबांवर माझा अजिबात राग नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे, शिडाची कला या शहरात टिकली त्यात अशा क्लबांचा वाटा आहे. पण ज्याला सभासद होणं परवडत नाही त्याचं काय? पोहता येणारी, वाऱ्याची आवड असलेली धारावीतली, शिवडीतली पोरं कुठून पाण्यात उतरणार? कोचीला बोलगाट्टी बेटावर केरळच्या पर्यटन महामंडळाने कधीच मरिना, म्हणजे हौशी होड्या लावायचा धक्का, बांधली. मुंबईतही मरिनाची चर्चा ऐकून कान किटले. मला आधी मरिना नकोच आहे. ती झाली तरी तिच्यात श्रीमंतांच्या यॉट लागतील. मला हवाय सहा मीटर रुंद खडबडीत काँक्रीटचा उतार, ओहोटीच्या रेषेखालपर्यंत नेलेला, शेवाळावर घसरून कंबर मोडणार नाही असा. शेजारी पाण्याबरोबर वरखाली होणारा एक तरंगता धक्का. एक नळ. एक नोंदवही आणि ती भरून घेणारा एक माणूस, रविवारीसुद्धा हजर असणारा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. बस.

शिवडीहून न्हाव्यापर्यंत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू २०२४ मध्ये सुरू केलात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोटारी जहाजात चढून मांडव्याला जातात. मग हा एक उतार कोणाला जड होतोय? याच पाण्याच्या तोंडाशी १६७९ साली शिवाजी महाराजांच्या लहान होड्यांनी इंग्रजांच्या जहाजांना चुकवून खांदेरी बेटावर रसद पोचवली होती. शाळेत महाराजांच्या आरमाराचे धडे घोकायला लावता, आणि पोरं होडी घेऊन आली की फाटक लावता.

जूनमध्ये पावसाळा लागला की लहान होड्यांचा हंगाम संपतो. म्हणजे हातात थोडेच रविवार उरलेत, त्यातही भरती सोयीच्या वेळेला असलेले मोजके. उद्या सोमवार. साहेब कार्यालयात असतील. नवीन अर्ज लिहून झालाय, आणि या वेळी परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत मी त्यांच्या टेबलासमोरून हलणार नाही.