खरी किंमत कोणालाही सांगायची नसते

तुमच्या जीपची किंमत किती, असं कोणी विचारलं तर आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घ्या. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीच्या रांगेत उभा असलेला दुसरा जीपवाला असेल, तर बावीस लाख. पुण्याचा आयटीतला मेहुणा असेल, तर पंचवीस. बायको असेल, तर "शोरूमला दिले तेवढेच, वर फक्त टायर बदललेत." पेठ रोडच्या आरटीओतला माणूस असेल, तर गाडीत काही बदललेलंच नाही. आणि विम्याचा एजंट असेल, तर तोंडाला येईल त्यातली सगळ्यात कमी. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे या पाच जणांची आयुष्यात कधी गाठ पडू द्यायची नाही.

सुरुवात गाडीपासून करू. थार आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते, याचा आपल्याला कोण अभिमान! तो व्यक्त करायची आपली रीत अशी, की कारखान्यातून निघालेली गाडी दोन महिन्यांच्या आत अंबडच्या एखाद्या गाळ्यात उभी करायची आणि तिथल्या पोराला सांगायचं, "कंपनीनं काय काय लावलंय बघ. ते सगळं काढ." मग लिफ्ट किट येतं, मड टायर येतात, प्लास्टिकचा बंपर जाऊन लोखंडी येतो, त्याच्या पोटात रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच बसते, बाजूनं इंजिनाला पाण्याच्या वरची हवा देणारा स्नॉर्कल हत्तीच्या सोंडेसारखा वर जातो. गाडी तीन इंच उंच होते. आई मात्र होती तेवढ्याच उंचीची राहते, म्हणून मागे एक निळं प्लास्टिकचं स्टूल कायमचं ठेवावं लागतं. (हे स्टूल लक्षात ठेवा.)

या कशाचंही पक्कं बिल घ्यायचं नाही. पक्कं बिल घेतलं की जीएसटी जातो, शिवाय ते कागद घरात नको तेव्हा नको त्याला सापडतात. त्यापेक्षा गाळ्यातली पद्धत बरी. तिथे गेल्या वर्षीच्या डायरीचं पान फाडून हिशेब लिहून देतात. माझं पान मी जपून ठेवलंय: 'वि. ६०, ब. पु. मा. ८५, टा. ५ × १८, मजु. ४०, जमा १ लाख, बाकी बघू.' सही नाही, गाडीचा नंबर नाही. तारीख आहे, पण ती डायरीची छापील १४ मार्च, आणि काम झालं दिवाळीत. पुढेमागे कोणाला पाच-सहा लाखांचा हिशेब दाखवायची वेळ आलीच, तर तो 'बाकी बघू' फार उपयोगी पडतो.

आता विमा. पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो हा आकडा. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी गेली असंच धरतात. तुमच्या जीपवरच्या प्रेमाचा या आकड्याशी काही संबंध नाही. शोरूमची किंमत घ्यायची, रस्ता कर सोडून द्यायचा आणि वयाप्रमाणे घसारा काढायचा. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, मग ३०, मग ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. म्हणजे १३ लाखांची गाडी पाचव्या वर्षात साडेसहा लाखांची. मिसळीच्या रांगेत बावीस, कागदावर साडेसहा.

पण तुम्ही एवढ्यावर समाधान मानू नका. ऑनलाइन रिन्यू करताना मोबाइलवर आयडीव्हीची एक पट्टी दिसते, तिच्यावरचा गोळा अंगठ्यानं डावीकडे सरकवता येतो. सरकवा. हप्ता हजारभर रुपयांनी उतरलेला दिसला की जो आनंद होतो, तो द्वारका चौक एका सिग्नलमध्ये पार केल्याच्या आनंदाच्या तोडीचा असतो. पाच वर्षांपुढे तर हा आकडा तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता. घासाघीस करायला खरी जागा इथे आहे. फोटो, बिलं, बाजारातला भाव पुढे करून माणूस तो वर नेऊ शकतो. पण मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणाऱ्या आपण इथे मात्र मोठं मन दाखवायचं आणि एजंट म्हणेल त्याला "चालेल, चालेल" म्हणून फोन ठेवायचा.

कोणी भीती घातलीच, तर "माझं झीरो डेप आहे" म्हणा. हे वाक्य म्हणजे जीपवाल्यांची रामरक्षा आहे. अर्थ विचारायचा नसतो, नुसतं म्हटलं तरी पुरतं. अर्थ एवढाच, की दुरुस्तीत बदललेल्या सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत. एरवी टायर, प्लास्टिक, बॅटरी यांचे निम्मे पैसे तुमच्याच खिशातून जातात. गाडी पूर्ण गेली तर आयडीव्ही आहे तेवढीच राहते, आणि जी वस्तू पॉलिसीत लिहिलेलीच नाही तिचं झीरोही नाही आणि डेपही नाही.

लिहायला पॉलिसीत जागा असते, ही अफवा नाही. फॉर्ममध्ये अॅक्सेसरीजचे दोन रकाने असतात, इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल. विंच, लाइट बार पहिल्यात. कॅरिअर वगैरे दुसऱ्यात, त्यांची किंमत आयडीव्हीत मिळवली जाते. इलेक्ट्रिकलचा जुन्या दरपत्रकातला दर किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ६०,००० च्या विंचेला वर्षाचे २,४००. दोन्ही रकाने रिकामे सोडा. २,४०० रुपयांत अख्ख्या ग्रुपची मिसळ होते, वर जिलेबी. शिवाय एजंटही भला माणूस असतो, तो विचारत नाही. आपणही सांगत नाही. विमा हा दोन्ही बाजूंच्या पूर्ण विश्वासावर चालणारा करार आहे असं म्हणतात, ते बहुतेक हेच.

समजा, तरीही तुमच्या अंगात हरिश्चंद्र संचारला आणि तुम्ही फॉर्मवर लिफ्ट किटसकट सगळं खरंखरं लिहिलं. एजंट विचारेल, "हे आरसीवर चढवलंय का?" तुम्ही पेठ रोडला जाल. तिथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तुमची वाट बघत बसलेलं असतं. कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल गाडीत करायचा नाही, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन दर बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, अशी भरघोस योजना आली. पुढच्या लोखंडी बुल बारवर तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राचा डोळा आहे. म्हणजे विमावाला म्हणतो नोंद करून आणा, नोंदवाला म्हणतो काढून आणा. विंच आणि कॅरिअर न सांगणं ही आपली चलाखी, ते कबूल. पण लिफ्ट सांगायची म्हटली तरी सांगायला खिडकी नाही, हे मला अजून पचलेलं नाही. असो, हरिश्चंद्रालाही शेवटी स्मशानातच नोकरी मिळाली.

एक पळवाट मात्र आहे. "माझी गाडी इतक्याची, गेली तर तेवढेच द्या, घसारा-बिसारा काही नाही" अशी ठरीव किमतीची पॉलिसी आपल्याकडच्या मोटार विम्याच्या दरपत्रकात होती. ती फक्त व्हिंटेज गाड्यांना. व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली. आणि विलिज जीपचं उत्पादन सुरू झालं १९४१ मध्ये. थोडक्यात चुकामूक झाली. तेव्हा जीपचा खरा भाव पॉलिसीवर लिहून हवा असेल, तर जीपचा शोध लागायच्या आधीची जीप शोधा.

एवढी पथ्यं पाळली की मग बिनधास्त ओढ्यात घालायची. गोदावरीला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की अख्खं नाशिक नदीपासून चार हात लांब होतं. जीपवाला मात्र आपल्या स्नॉर्कलकडे बघायला लागतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही सात जीपा घेऊन हरसूलच्या अलीकडे गेलो होतो. पॉलिसीत स्पर्धा, वेगाची चाचणी आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' वगळलेली असते, म्हणून आम्ही त्याला कौटुंबिक सहल म्हणत होतो. सहलीत एकाच्या हातात स्टॉपवॉच होतं, ओढ्याच्या दोन्ही काठांना झेंडे रोवले होते आणि कुटुंब कोणाचंच नव्हतं. याचा रीळ त्याच संध्याकाळी टाकावा, तारखेसकट, मागे धाडसी संगीत लावून. विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअर लोकांकडेही मोबाइल असतो.

माझी जीप ओढ्याच्या मध्यावर डाव्या कुशीवर निजली. स्नॉर्कलचं तोंड वर होतं, शंकाच नाही. पण खाली एअर फिल्टरच्या डब्याला तो जोडताना गाळ्यातल्या पोरानं क्लिप कमी पडली म्हणून चिकटपट्टी गुंडाळली होती. ओढून काठावर आणल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "मार स्टार्टर!" मी मारला. एकदा खर्रर्र झालं, म्हणून पुन्हा मारला. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दबत नाही, पिस्टनचा दांडा मात्र वाकतो. आणि विमा कंपनीच्या लेखी पाण्यात पडणं हा अपघात, पण त्यानंतर चावी फिरवणं ही तुमची हौस. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर मिळतं. ते मी घेतलं नव्हतं, कारण माझ्याकडे स्नॉर्कल होता.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात सँडल. आधी चहा नको म्हणाला, मग घेतला. चिखल वाळलेल्या गाडीभोवती त्यानं मुलगी बघायला आलेल्या मामासारखी एक सावकाश फेरी मारली आणि बंपरवर पेन टेकवलं.

"हा कंपनीचा का?"

"नाही, आफ्टरमार्केट."

"टायर?"

"नाही. कंपनीचे बारीक होते."

"विंच तर नसणारच. हे कॅरिअर? खालचे हे पाइप? आणि हे स्प्रिंग?"

"नाही. नाही. नाही, ते लिफ्ट किटचे."

त्यानं मागचं दार उघडलं. निळं स्टूल चिखलानं भरलेलं आडवं पडलं होतं. ते त्यानं दोन बोटांनी उभं केलं, त्याचा फोटो काढला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग साहेब, यात गाडी कोणती?"

दुरुस्तीचा अंदाज ३,४०,००० चा होता. इंजिन वगळलं, पॉलिसीत नसलेलं सगळं वगळलं, पॉलिसीतले सक्तीचे २,००० कापले, आणि हातात आले ९२,०००. मी फार चिडलो होतो, हे सांगायला हवं. मिसळीच्या रांगेत दोन रविवार मी विमा कंपन्या कशा लुटारू असतात यावर बोललो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकाच्याही पॉलिसीत विंचेचा उल्लेख नव्हता.

सर्व्हेअर जाता जाता म्हणाला होता, "बाकीच्या सामानाची यादी द्या किमतींसकट, मी वर पाठवून बघतो. होईल असं वाटत नाही." तरी आशा वाईट असते. रात्री सगळे झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसलो, पोराच्या वहीतला आखीव कागद घेतला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा एकेका वस्तूचा खरा भाव लिहून काढला. चिखलात दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर दीड लाख. लिफ्ट किट एक लाख दहा. टायर नव्वद. खाली दोन रेघा मारून बेरीज केली, ६,१८,०००. मोबाइलवर फोटो काढून पाठवला आणि कागद तिथेच राहिला.

सकाळी मी दात घासून बाहेर आलो तर बायको चष्मा लावून टेबलाशी बसली होती. चहा झाकून ठेवलेला होता. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, डायरीच्या पानाशी ताडून बघितली, माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि बेरजेत धरायचे राहिलेले मजुरीचे चाळीस हजार धरून आकडा ६,५८,००० केला. घसारा एक रुपयाचाही काढला नाही.