‘डॉकर शिकायचा कंटाळा’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या लेखावर ‘जुना जावावाला’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ओएसजीआय (जावाचा प्रोग्रॅम ‘बंडल’ नावाच्या सुट्या, बदलता येणाऱ्या तुकड्यांत बांधायची पद्धत) वापरून केलेलं आणि कराफ या सर्व्हरवर चालणारं ॲप्लिकेशन डॉकरऐवजी एलएक्सडीच्या सिस्टीम कंटेनरमध्ये ठेवा, हा माझा सल्ला जुनाट आहे. (कंटेनर म्हणजे एकाच मशीनवर प्रोग्रॅमला दिलेली वेगळी खोली. डॉकरच्या खोलीत सहसा एकच प्रोग्रॅम, एलएक्सडीच्या खोलीत अख्खं छोटं लिनक्स.) चालू जेव्हीएममध्ये (जावा चालवणारं इंजिन) बंडल बदलणं म्हणजे हातानं भानगड ओढवून घेणं. कंटेनरला घातलेली मेमरीची मर्यादा आतल्या जावाला दिसते, हे मी लिहिलंय ते चूक आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी डॉकर शिकायचा कंटाळा आहे.

मेमरीचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर. तुमची प्रतिक्रिया वाचून मार्चमधल्या एका रात्रीचा उलगडा झाला, म्हणून आधी तेच सांगतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या एका गिऱ्हाईकाचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या होस्टवर (कंटेनर ज्यावर चालतात त्या मूळ मशीनवर) आम्ही उबुंटू २२.०४ चढवलं आणि त्याबरोबर सीग्रुपची, म्हणजे लिनक्समधल्या मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेची, दुसरी आवृत्ती आली. कंटेनरला चार जीबीची मर्यादा, आत जावा ८ चं एक जुनं बिल्ड. आत शिरून मेमरी दाखवणारी ‘फ्री’ कमांड मारली की चार जीबीच दिसायचे, म्हणून मी निर्धास्त. पण तो आकडा एलएक्ससीएफएस (कंटेनरला त्याच्या मर्यादेचे आकडे दाखवणारा पडदा) दाखवतो, आणि जेव्हीएम त्याच्यावर विसंबत नाही. ते सीग्रुपला विचारतं, तेही विचारायची अक्कल असेल तर. जावा ८ ला ती १९१ व्या अपडेटला आली, सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीची तर थेट ३७२ ला. जावा ११ मध्ये ११.०.१६ ला. आमच्या जुन्या बिल्डनं होस्टचे ३२ जीबी पाहिले आणि नेहमीच्या हिशेबानं त्याचा चौथा हिस्सा हीपसाठी (जावाच्या कामाच्या मेमरीसाठी) धरला. चार जीबीच्या खोलीत आठ जीबीचा संसार! दोन दिवस निभावलं, तिसऱ्या रात्री कर्नलनं प्रोसेस मारून टाकली. मी एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) घातलं, सकाळी मालकाची बोलणी खाल्ली आणि कारण न शोधताच विषय सोडून दिला. मग लेखात बिनधास्त लिहून मोकळा झालो की ‘आतल्या जावाला तेवढीच मेमरी दिसते’. चूक माझी.

आता जुनाटपणाबद्दल. कंटेनरचे पूर्वज बघा: फ्रीबीएसडीचे जेल २००० मधले, सोलारिसचे झोन २००५ चे, एलएक्सडी ज्यावर उभं आहे ते एलएक्ससी २००८ चं. डॉकर २०१३ मध्ये आलं तेव्हा तेही आतून एलएक्ससीच वापरत होतं. वयावरून भांडायचं तर दोघंही एकाच वाड्यातले.

खरा वाद वेगळा आहे. काय बदललं की ‘डिप्लॉय’ झालं म्हणायचं? ओएसजीआय म्हणतं, बंडल. डॉकर म्हणतं, अख्खी इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा. दोघांना एकाच जागी बसवलंत तर एकाचं काम फुकट जातं, आणि जातं ते ओएसजीआयचंच.

त्याच कारखान्यातलं उदाहरण घ्या. मागांवरच्या काउंटरांशी बोलणारं एक बंडल आहे, वजनकाट्याचं एक, लेबल छापण्याचं एक. परदेशी गिऱ्हाईकानं लेबलवर एक ओळ वाढवायला सांगितली. मी कराफच्या कन्सोलवर लेबलच्या बंडलला अपडेट दिलं. ते थांबलं, नवं उभं राहिलं, काउंटरांच्या जोडण्या जागच्या जागी. हेच इमेज बदलून केलं असतं तर सगळं जेव्हीएम खाली येऊन पुन्हा चढलं असतं. ‘दोन मिनिटांनी काय बिघडतं?’ असं तुम्ही विचारता. आमचे काउंटर जुने आहेत, न वाचलेला आकडा ते सांभाळून ठेवत नाहीत. आणि मागावरच्या माणसाची मजुरी मीटरवर ठरते. पाळी सुटताना चाळीस मीटर कमी दिसले की तो माझ्याकडे येत नाही, मुकादमाची गचांडी धरतो. चादरीचं डिझाइन बदलायला नक्षी ठरवणारी जॅकार्डची कार्डं बदलतात, त्यासाठी भरलेला बीम कुणी उतरवत नाही. मला तेवढंच हवं असतं.

‘मग डॉकरमध्येही कन्सोलवरून अपडेट द्या की!’ देता येतं. पण बदललेलं बंडल जातं कराफच्या डेटा फोल्डरमधल्या कॅशेत, म्हणजे कंटेनरच्या लिहिण्याच्या थरात. कंटेनर काढून नवा केला की ते गेलं, लेबलवर पुन्हा जुनी ओळ. ते फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या टिकणाऱ्या जागेत) ठेवलं तर उलटी पंचाईत: इमेज नवी, कॅशे जुना. बूट फीचर्सची (सुरुवातीला चढवायच्या बंडलांच्या संचांची) यादी कराफ पहिल्यांदा सुरू होतानाच पाळतं, त्यामुळे इमेजमध्ये टाकलेलं नवं फीचर उगवतच नाही आणि आपण लॉग चाळत बसतो. मी बसलोय, अख्खा रविवार. सिस्टीम कंटेनरमध्ये हा प्रश्नच येत नाही. आत सिस्टीमडी आहे, एसएसएच आहे, क्रॉन आहे, डिस्क टिकते. कराफला आपण एका साध्या सर्व्हरवर आहोत असंच वाटतं.

चालू जेव्हीएममध्ये बदल धोक्याचा, हे मात्र अर्धं मान्य. ॲक्टिव्ह दिसणारं बंडल धड असतंच असं नाही. कुठल्या तरी थ्रेडलोकलमध्ये (थ्रेडच्या खासगी साठ्यात) जुना क्लास अडकला की त्याला चढवणारा क्लासलोडर सुटत नाही आणि दर अपडेटला मेटास्पेस, म्हणजे क्लासांची मेमरी, फुगत जातो. त्याहून वाईट म्हणजे रिफ्रेश. एकदा मी सामायिक इंटरफेसचं (बंडलं एकमेकांशी कशी बोलतील ते ठरवणारं) बंडल बदललं. त्याची पॅकेजेस वापरणारी सगळी बंडलं एकामागून एक खाली आली आणि पुन्हा चढली. म्हणजे रीस्टार्टच, फक्त जास्त नाट्यमय. तेव्हापासून इंटरफेस एका बंडलमध्ये, काम करणारा कोड दुसऱ्यात, आणि इंटरफेसला हात लावायचा तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच. पण ही शिस्त कोडची आहे. कंटेनर कुठलाही घेतलात तरी ती चुकत नाही.

हातानं केलेले बदल साचून मशीन कुणालाच कळेनासं होतं, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. त्यावर आमचा तोडगा साधा आहे: फीचर्सची फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात), अपडेट त्या फाइलमधूनच, आणि त्याआधी कंटेनरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. झेडएफएस या फाइल सिस्टीमवर तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतो. मात्र स्नॅपशॉट परत आणताना कंटेनर पुन्हा सुरू होतो, म्हणजे मागे फिरणं फुकट नाही. आणि डेटाबेस त्याच कंटेनरमध्ये असेल तर तोही मागे जातो! वजनकाट्याच्या दुपारभराच्या नोंदी आम्ही अशा एकदा घालवल्या आहेत. आता पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, वेगळ्या कंटेनरमध्ये राहतं.

राहिला कंटाळा. याच कारखान्याच्या मालकांचं रिपोर्टांचं पोर्टल डॉकरवर आहे, कारण तिथं धरून ठेवण्यासारखं काहीच नाही. मेलं तर दुसरं उभं राहतं. ओएसजीआय ठेवून डॉकरच हवं असेल, तर कराफ ४ चं स्टॅटिक डिस्ट्रिब्यूशन बघा. सगळी जुळणी बिल्डच्या वेळीच होते, चालू असताना बदल हा विषयच संपतो. तुमच्यासारख्याला ते पटेल असं वाटतं.

मूळ लेखातला मेमरीचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. चुकीचं वाक्य काट मारून तिथंच ठेवलंय, शेजारी तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिलाय.